पावसाच्या तारखा आणि घरातले धान्य

प्रश्न असा आहे: भारतात धान्याचे उत्पादन वाढत आहे, रेशनवर धान्य मोफत मिळते, सरकारी गोदामांत साठा असतो, असे असताना हवामान बदलामुळे विकसनशील देशांची अन्नसुरक्षा धोक्यात आली आहे असे का म्हटले जाते, हा परिणाम प्रत्यक्षात कोणत्या वाटेने होतो आणि तो वेळेवर ओळखता येतो का?

मी गेली एकतीस वर्षे मराठवाड्यातील बालाघाटच्या डोंगररांगेलगतच्या कोरडवाहू गावांत पीकपद्धती आणि पाणलोटाचे काम करत आलो आहे, त्यामुळे उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. माझा अनुभव असा की हवामानाचा फटका घरातल्या धान्याला सर्वांत शेवटी बसतो. आधी जाते ती मजुरी, मग जनावरांचा चारा, मग डाळ, दूध आणि भाजी. भाकरी किंवा भात मात्र बराच काळ टिकून असतो. जो फक्त धान्याच्या साठ्याकडे पाहतो, त्याला त्या घरात काही बिघडले आहे हे सहा-आठ महिने कळतच नाही. १९९६ साली रोम येथे झालेल्या जागतिक अन्न परिषदेने अन्नसुरक्षेची जी व्याख्या केली, तिच्यात प्रत्येक माणसाला सदासर्वकाळ पुरेसे, सुरक्षित आणि पोषक अन्न मिळणे आणि ते मिळवण्याची ऐपत असणे अपेक्षित आहे. या व्याख्येतील ‘सदासर्वकाळ’ आणि ‘ऐपत’ या दोन शब्दांवर हवामान बदल घाव घालतो.

पावसाची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण गैरसमज तिथेच सर्वाधिक आहे. मराठवाड्याचा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा सरासरी पाऊस सुमारे ६७९ मिलिमीटर धरला जातो. एखाद्या वर्षी हा आकडा पूर्ण भरला की कागदोपत्री ते वर्ष चांगले ठरते. पण पीक सरासरीवर वाढत नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शंभर मिलिमीटर, जुलैत आठवड्याच्या अंतराने पडणाऱ्या सरी, ऑगस्टच्या शेवटी शेंगा भरताना एक चांगला पाऊस आणि हस्तात रब्बीसाठी ओल, असे ज्या वर्षी होते त्या वर्षी साडेपाचशे मिलिमीटरमध्येही घर भरते. उलट जून कोरडा, जुलैत पेरणी, ऑगस्टमध्ये तीस-पस्तीस दिवसांचा खंड आणि सप्टेंबरच्या शेवटी तीन दिवसांत दीडशे-दोनशे मिलिमीटर, असे झाले की सातशे मिलिमीटर पडूनही हाती काही लागत नाही. काळ्या जमिनीत पाऊस थांबल्यावर दोन-तीन दिवसांनी पाऊल न रुतता तिफण (पेरणीचे अवजार) चालेल अशी जी अवस्था येते तिला आपण वाफसा म्हणतो. शेतकऱ्याचे सगळे वेळापत्रक या वाफशावर चालते. पाऊस एकदम कोसळू लागला आणि मधले खंड लांबले की वाफशाचे दिवसच कमी होतात. मग कोळपणी राहते, तण माजते, फवारणी वेळेवर होत नाही आणि काढणीला आलेले पीक चिखलात उभे राहते.

ही केवळ गावातल्या म्हाताऱ्या माणसांची तक्रार राहिलेली नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत. भारतीय हवामान विभागाने २०२० साली मोसमी पावसाच्या आगमनाच्या आणि परतीच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. शहरातल्या माणसाला नऊ दिवसांचा हा फरक किरकोळ वाटेल. पण पाऊस परतायला उशीर होण्याची हीच रीत आमच्याकडेही आहे, आणि आमच्याकडचे सोयाबीन नेमके सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काढणीला येते, हे लक्षात घेतले की त्या नऊ दिवसांची किंमत समजते.

ती किंमत एका हंगामात फिटत नाही, हे २०१९ साली आम्ही पाहिले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला अवकाळी पाऊस लांबला. कापून ठेवलेल्या सोयाबीनच्या ढिगांवर ताडपत्री टाकूनही आत वाफ धरली आणि शेंगांतच दाण्यांना कोंब फुटले. मी एका शेतात ढीग उकरून मूठभर शेंगा हातात घेतल्या तेव्हा त्या उकडल्यासारख्या गरम होत्या आणि दाण्याचे टरफल बोटाने सहज सुटत होते. असा दाणा तेलासाठी कमी भावाने का होईना विकला जातो; बियाणे म्हणून मात्र तो मेलेला असतो. परिणामी पुढच्या वर्षी, २०२० च्या जूनमध्ये, राज्यभरातून सोयाबीन उगवले नाही अशा तक्रारींचा पूर आला. पाऊस त्या जूनमध्ये वेळेवर होता. ऑक्टोबरमधला पाऊस आठ महिन्यांनी पुन्हा शेतात उतरला होता, इतकेच. दुबार पेरणीसाठी ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी पुन्हा बियाणे घेतले, ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी सावकाराकडून किंवा कृषी सेवा केंद्राकडून उधारीवर घेतले. एका हंगामाचे नुकसान दुसऱ्या हंगामाच्या कर्जात असे बदलते, आणि ते कर्ज फेडण्यासाठी घरातल्या खर्चाला कात्री लागते तेव्हा पहिली कात्री खाण्याला लागते, कारण शाळेची फी, औषध आणि हप्ता यांना वाट पाहता येत नाही.

येथे एक प्रश्न रास्तपणे विचारला जाईल की शेतकऱ्याच्या घरी धान्य विकत का आणावे लागते. याचे उत्तर देताना सगळा दोष हवामानावर टाकणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. मी कामाला लागलो तेव्हा या भागात खरिपाची ज्वारी होती आणि तिच्यात तूर, मूग, उडीद, चवळी, अंबाडी आणि तीळ यांच्या ओळी असत. रब्बीत शाळू (हिवाळी ज्वारी), त्याच्या कडेने करडई, आणि हरभऱ्यात जवस. एखादे पीक गेले तरी दुसरे हाती येई आणि घरात वर्षाची ज्वारी, दोन-तीन प्रकारच्या डाळी व थोडे तेल राही. खरिपाची ज्वारी कणसात असताना पाऊस आला की काळी पडते, काळ्या ज्वारीला भाव नाही, पाखरे राखायला माणूस मिळत नाही, काढणीला मजुरी परवडत नाही. दुसरीकडे सोयाबीन साडेतीन महिन्यांत रोख पैसा देते. शेतकऱ्याने सोयाबीनकडे वळणे पूर्णपणे समजण्यासारखे होते. पण सोयाबीन घरात शिजत नाही. ज्या कुटुंबाचे शेत पूर्वी थेट ताटात येत असे, ते आता शेतमाल विकून ताट विकत घेऊ लागले, आणि त्यामुळे पाऊस, बाजारभाव आणि किराणा दुकानातली महागाई अशा तीन गोष्टींच्या कचाट्यात एकदमच सापडले. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजार समित्यांत दर बराच काळ त्याखाली राहिले, हे त्या घरांना पावसाइतकेच जाणवले.

लातूर आणि धाराशिव भागात मार्गशीर्ष अमावास्येला येळवस साजरी होते. शेतात कडब्याची कोपी करून पूजा मांडतात आणि शेतातल्याच ओल्या हरभऱ्याची, तुरीची, वालाची, वाटाण्याची, पालेभाज्यांची मिळून भज्जी करतात; सोबत ज्वारीच्या पिठाचे आंबील आणि बाजरीचे उंडे. मी अनेक वर्षे वेगवेगळ्या गावांत येळवसीला जेवलो आहे. अलीकडे जेवण वाढताना घरातली बाई सहज सांगून जाते की वाटाणा आणि वाल बाजारातून आणले, तुरीच्या शेंगा शेजाऱ्याच्या, आपला फक्त हरभरा. माझ्या दृष्टीने त्या भज्जीतल्या घरच्या जिनसांची मोजणी ही त्या कुटुंबाच्या अन्नसुरक्षेची मोजणी आहे, आणि ती कोणत्याही सरकारी तक्त्यात येत नाही.

आता एका घराचे वर्ष सांगतो. कुटुंबाची ओळख देणार नाही. पाच माणसे, चार एकर मध्यम जमीन, एक म्हैस, एक बैलजोडी. साल २०२३. मोसमी पाऊस उशिरा आला आणि पेरणी जुलैच्या पहिल्या आठवड्यात गेली. त्यानंतरचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. देशभरात त्या महिन्याचा पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी होता. सोयाबीनला फुले लागली ती गळाली, राहिलेल्या शेंगांत दाणा मुगाएवढा भरला आणि एकरी तीन क्विंटलच्या आसपास उतारा पडला. त्यातून खर्चही निघाला नाही. मूग-उडीद तर आधीच गेले होते. गावात कोळपणी-खुरपणी थांबल्यामुळे घरातल्या दोन बायकांची ऑगस्ट-सप्टेंबरची मजुरी बुडाली, आणि माझ्या मते त्या घराला पहिला खरा धक्का तो होता, कारण आठवड्याच्या बाजारातली भाजी, डाळ आणि गोडेतेल त्याच पैशांतून येत असे. मी सप्टेंबरच्या अखेरीस त्यांच्याकडे गेलो तेव्हा रेशनचा तांदूळ आणि गहू घरात होता. तुरीच्या डाळीचा डबा मात्र आजीने आपल्या उशाशी ठेवला होता आणि सून स्वयंपाकाला बसली की त्या स्वतःच्या हाताने वाटीने मोजून डाळ देत होत्या. त्या काळात तूरडाळ किलोला दीडशे रुपयांच्या वर गेली होती. पूर्वी पाच माणसांना दोन वाट्या लागत, आता एक वाटी आणि उरलेले पाणी. दुपारचे वरण फक्त मुलांना. आजीने ते लपवले नाही आणि त्याचे भांडवलही केले नाही. घर चालवण्याची एक रीत म्हणून सांगितले.

त्यानंतर त्यांनी म्हैस विकली. कडब्याचा भाव चढला की जनावर विकणाऱ्यांची गर्दी होते आणि जनावराचा भाव पडतो. म्हणजे ज्या वेळी विकावे लागते त्याच वेळी कमी पैसे मिळतात. म्हशीबरोबर घरातले दूध आणि ताक गेले, आणि रोजच्या आहारात प्राण्यांपासून मिळणारे तेवढेच काय ते अन्न होते. दिवाळीनंतर मुलगा आणि सून मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन ऊसतोडीला गेले. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. रेशनकार्ड देशभर कुठेही चालण्याची सोय आता आहे आणि ती चांगली आहे, पण उसाच्या फडावरून दुकान किती लांब, दुकानात त्या महिन्याचा शिल्लक साठा किती आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत तोडणी-भरणी करणाऱ्या बाईला तिथे जायला वेळ कधी, हे प्रश्न कार्डाने सुटत नाहीत. ऑक्टोबरच्या अखेरीस राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. तोपर्यंत त्या घरातला डाळीचा डबा दोन महिने मोजला जात होता.

रेशनव्यवस्थेबद्दल माझे मत स्पष्ट आहे: तिने माणसे जगवली आहेत आणि तिला हिणवणाऱ्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या माणसांशी एकदा बोलावे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो आणि सर्वांत गरीब अशा अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. ते जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. मात्र हे गहू-तांदळाचे धान्य आहे. कष्टाचे काम करणाऱ्या माणसाला ५ किलो महिनाभर पुरत नाही, आणि त्यात डाळ-तेल येत नाही. लाभार्थ्यांची संख्याही २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे, त्यामुळे त्यानंतर जन्मलेली आणि वेगळी झालेली कित्येक कुटुंबे दाराबाहेर राहतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आढळली. गोदामे भरलेली असताना हे आकडे आहेत. हवामान बदलाने ही परिस्थिती निर्माण केली असे मी म्हणत नाही; ती आधीपासून होती, आणि नेमक्या याच घरांत पावसाच्या तारखा हलल्याचा भार येऊन पडतो.

शिवाय गोदामही हवामानापासून सुरक्षित नाही. २०२२ चा मार्च हा देशातील १२२ वर्षांच्या नोंदींतला सर्वांत उष्ण मार्च होता. गव्हात दाणा भरण्याच्या काळात उष्णता वाढली की पीक लवकर पिकते, दाण्यात पिष्ट भरायला दिवस कमी पडतात आणि तो सुरकुततो. पंजाब-हरियाणात त्या वर्षी सुरकुतलेल्या दाण्यांचे प्रमाण इतके होते की खरेदीसाठीची ६ टक्क्यांची मर्यादा १८ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली. युक्रेनमधील युद्धामुळे जागतिक भाव चढलेले होतेच, व्यापाऱ्यांनी जास्त दर देऊन गहू उचलला आणि सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या सुमारे ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांवर घसरली. १३ मे रोजी गव्हाची निर्यात थांबवण्यात आली आणि अनेक राज्यांत मोफत धान्यातला गहू कमी करून तांदूळ वाढवला गेला. एका महिन्याच्या तापमानाने रेशनच्या पिशवीतला जिन्नस बदलला, हे माझ्या आठवणीत प्रथमच इतके उघड दिसले.

यात आणखी एक गोष्ट आहे जिच्याकडे आपल्याकडे फार थोडे लक्ष जाते. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला की गहू आणि तांदूळ यांच्यातील पोषणमूल्य उतरते. पुढच्या काही दशकांत अपेक्षित असलेल्या पातळीचा कार्बन डायऑक्साइड देऊन वाढवलेल्या गव्हात जस्त सुमारे ९ टक्क्यांनी, लोह ५ टक्क्यांनी आणि प्रथिने ६ टक्क्यांनी कमी आढळली. ज्वारी, बाजरी आणि मका यांची प्रकाशसंश्लेषणाची रीत वेगळी असल्यामुळे त्यांच्यावर हा परिणाम बराच कमी होतो. ज्या देशात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, तिथे भाकरीची जागा गव्हाच्या पोळीने आणि भाताने घेणे, हे केवळ आवडीनिवडीचे प्रकरण राहत नाही.

आपल्यापेक्षा नाजूक स्थितीतले देश पाहिले की हीच साखळी अधिक कठोरपणे चालताना दिसते. मी मलावीचे उदाहरण देतो, कारण त्याचा आपल्याशी प्रत्यक्ष संबंध आहे. दक्षिण मलावीत शेतकरी मक्यात तुरीच्या ओळी घेतात, अगदी आपल्यासारख्याच, आणि ती तूर भारताच्या बाजारात येते. मोझांबिक, टांझानिया आणि मलावी या देशांतून येणाऱ्या तुरीवर आपल्या डाळमिलांचे काम बऱ्याच अंशी अवलंबून असते. त्या देशात नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाचा एकच हंगाम, बहुतेक शेती पावसावर, आणि मुख्य अन्न मक्याच्या पिठाची नसिमा. जानेवारी ते मार्च हे महिने जुना मका संपण्याचे आणि नवा अजून शेतात असण्याचे, म्हणजे उपासमारीचे. २०२३ च्या मार्चमध्ये फ्रेडी चक्रीवादळाने दक्षिण मलावीत हाहाकार केला आणि काढणीच्या तोंडावरची पिके वाहून गेली. पुढच्याच हंगामात एल निनोमुळे पाऊस दडी मारून बसला आणि मार्च २०२४ मध्ये २८ पैकी २३ जिल्ह्यांत आपत्ती जाहीर करावी लागली. दोन वर्षांत एकदा पुराने आणि एकदा अवर्षणाने तेच शेत गेले. तिथे आपल्यासारखी गोदामे नाहीत, मोफत धान्याची देशव्यापी व्यवस्था नाही. परकीय चलन अपुरे असल्याने बाहेरून मका आणणेही अवघड. जगात २०२३ साली सुमारे ७३ कोटी लोक उपाशी असल्याचा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अंदाज होता. त्यांच्यातील फार मोठा वाटा अशा देशांत राहतो, ज्यांनी हवेत सोडलेला कार्बन नगण्य आहे. हा अन्याय आहे, आणि तो सौम्य शब्दांत मांडण्याचे मला कारण दिसत नाही.

या साखळीत आपणही निष्पाप नाही. जगाच्या तांदूळ निर्यातीत भारताचा वाटा सुमारे ४० टक्के आहे. २० जुलै २०२३ रोजी आपण बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तेव्हा देशातील भाव आवरणे हा हेतू समजण्यासारखा होता. पण आपल्या तांदळावर जगणाऱ्या पश्चिम आफ्रिकेतील देशांत त्याची झळ पोहोचली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क आणि डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली. नाशिक-अहिल्यानगरच्या ज्या शेतकऱ्याने कमी पाण्यात कसाबसा कांदा वाचवला होता, त्याला भाव मिळण्याची वेळ आली तेव्हा दार बंद झाले. पाऊस बिघडला की सरकार खाणाऱ्याला वाचवण्यासाठी पिकवणाऱ्याचा भाव पाडते. पण कोरडवाहू भागात पिकवणारा आणि विकत घेऊन खाणारा हा एकच माणूस असतो, हे दिल्लीतून दिसत नाही.

मग उपयोगी काय पडते, याबद्दल माझे अनुभव संमिश्र आहेत. सर्वांत भक्कम पुरावा जुना आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात पिके जवळपास बुडाली होती, तरी मोठ्या प्रमाणावर भूकबळी झाले नाहीत, याचे मुख्य कारण दुष्काळी कामे. मे १९७३ मध्ये त्या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. खडी फोडून मिळालेल्या मजुरीतून लोकांनी धान्य घेतले, परदेशातून आलेला लाल मिलो (ज्वारीचा प्रकार) खाल्ला, सुकडी खाल्ली आणि जगले. त्या अनुभवातूनच विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेला कायद्याचे रूप मिळाले. हवामान बिघडले की आधी मजुरी जाते, असे मी सुरुवातीला म्हटले. म्हणून मजुरी वेळेवर उभी करणे हा अन्नसुरक्षेचा पहिला उपाय आहे. आज अडचण वेळेची आहे. ऑगस्टमध्ये खंड पडला की काम ऑगस्टमध्येच सुरू व्हावे लागते. दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहून डिसेंबरमध्ये सुरू केलेल्या कामावर यायला गावात माणसे उरलेली नसतात.

शेतातल्या उपायांपैकी रुंद वरंबा सरी पद्धतीने केलेली सोयाबीनची पेरणी मी मनापासून सुचवतो, कारण खंडात ओल टिकते आणि अतिवृष्टीत जादा पाणी सरीतून निघून जाते; बिघडलेल्या पावसाची दोन्ही तोंडे ती सांभाळते. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी घेणे हाही जुना आणि खात्रीचा मार्ग आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये हा सल्ला सर्वांना पाठ आहे, पण तो पाळणे बियाण्याची पिशवी घरात येऊन पडलेल्या आणि शेजाऱ्याची तिफण चालू झालेल्या माणसाला किती कठीण जाते, हे सल्ला देणाऱ्यांनी समजून घ्यावे. जुलैच्या मध्यानंतर पेरणी गेली तर सोयाबीनचा हट्ट सोडून सूर्यफूल, बाजरी किंवा तूर घ्यावी लागते, आणि त्या वेळी ते बियाणे तालुक्यात मिळत नाही. पर्यायी बियाण्याचा साठा प्रत्येक महसूल मंडळात (दहा-पंधरा गावांच्या गटात) जूनमध्येच तयार असला पाहिजे. यासाठी फार मोठा खर्च लागत नाही, आधी विचार लागतो.

शेततळ्याबद्दल मात्र सावधपणे बोलावे लागेल. वाहून जाणारे पावसाचे पाणी साठवणारे शेततळे उत्तम आहे. पण बोअरचे आणि विहिरीचे पाणी उपसून प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या तळ्यात भरून ठेवणे म्हणजे सर्वांच्या भूजलाला एका घराचे कुलूप लावणे आहे, आणि ते मी अनेक गावांत पाहिले आहे. पीक विमा व नुकसानभरपाईतही मोजमापाचा प्रश्न आहे: एका दिवसात ६५ मिलिमीटर पाऊस झाला की महसूल मंडळात अतिवृष्टी धरली जाते, पण मंडळात एक पर्जन्यमापक आणि गावे दहा-पंधरा. ढगफुटी डोंगरापलीकडच्या तीन गावांत झाली तर यंत्राला ती दिसत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना आणि इतर नद्यांच्या पुराने जमिनीच खरडून नेल्या, तेव्हा तर पिकाच्या भरपाईचे गणितच अपुरे पडले. ज्या शेतातली माती गेली तिथे पुढच्या कित्येक हंगामांचे अन्न गेले.

रब्बीच्या शाळूला मी या सगळ्यात वेगळे स्थान देतो. परतीचा पाऊस आता जास्त आणि उशिरा येतो आहे, तर त्या ओलीवर येणारे आणि माणसाला भाकरी व जनावराला कडबा देणारे पीक आपल्याकडे पूर्वीपासून आहे. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी काय आहे हे सोलापूरकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. राज्याने हमीभावाने ही ज्वारी खात्रीने घेऊन त्याच जिल्ह्यांतल्या रेशन दुकानांतून कायमस्वरूपी द्यावी. काही जिल्ह्यांत अधूनमधून ती दिली गेली आहे, पण अधूनमधून मिळणाऱ्या खरेदीच्या भरवशावर कोणी पेरणी बदलत नाही. आणि रेशनमध्ये माणशी एक किलो डाळ, ही मागणी मी प्रत्येक बैठकीत करतो.

शेवटचा प्रश्न ओळखण्याचा. पावसाच्या आकड्यांच्या आधी गावात काही खुणा दिसू लागतात आणि त्या ग्रामसेवक, आशा किंवा अंगणवाडी सेविकेला नोंदवता येतील इतक्या सोप्या आहेत. खरिपाच्या मध्यावरच कडब्याच्या पेंढीचा भाव चढू लागणे ही पहिली. आठवडी बाजारात दुभती, गाभण जनावरे विकायला येऊ लागली की दुसरी. भाकड जनावर विकले जाणे नेहमीचेच आहे, गाभण म्हैस कोणी हौसेने विकत नाही. ऊसतोडीच्या उचली दसऱ्याऐवजी पोळ्याच्या आधीच घेतल्या जाऊ लागणे ही तिसरी. किराणा दुकानदाराला विचारले तर तो चौथी सांगतो: तूरडाळ किलोने नेणारी घरे पावशेराने नेऊ लागली, किंवा तिच्याऐवजी मसूर नि वाटाणाडाळ मागू लागली. आणि पाचवी अंगणवाडीत दिसते, जिथे सेविका मुलांना दर महिन्याला वजनकाट्यावर उभे करते. सलग दोन महिने वजन न वाढलेल्या मुलांची संख्या गावात एकदम वाढली, तर तहसीलच्या आणेवारीची (पिकाच्या सरकारी अंदाजाची) वाट न पाहता त्या आठवड्यात काम आणि डाळ दोन्ही त्या गावात पोहोचली पाहिजेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्या आजीच्या गावात या पाचही खुणा होत्या. त्या वहीत लिहून घेणारे मात्र कोणी नव्हते, आणि मीही तेव्हा फक्त पिकाची पाहणी करून परत आलो होतो. तेव्हापासून मी कोणत्याही गावात शिवारात जाण्याआधी किराणा दुकानात जातो.